चौथ्या शिफ्टचा चेकर

दौलत,

तुझ्या जलदानविधीहून निघताना इंदूवहिनींनी ते पत्र्याचं नळकांडं माझ्या हातात दिलं. तुझ्याच हातचं, हिरव्या रंगाचं. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत तू लिहिलं आहेस : 'हात लावाल तर मराल. मेलात तर आत या, जागा आहे.' वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठेवलं होतं, हे मास्तरांचं हाय." भोसरीहून बसमध्ये मी ते दोन्ही हातांनी उभं धरून आणलं. कंडक्टरनं झाकण वाचलं आणि तिकीट देताना जरा लांबूनच दिलं. तुला ते आवडलं असतं.

आज चौथा दिवस. नळकांडं टेबलाशेजारी भिंतीला टेकून उभं आहे आणि मी ते उघडलेलं नाही. आत आपल्या 'चौथ्या शिफ्ट'च्या मूळ ट्रेसिंग आहेत, हे मला न उघडताही माहीत आहे. त्यातल्या 'बोटं' नावाच्या गोष्टीच्या पट्टीवर, उजव्या कोपऱ्यात खाली, नखाएवढी एक जागा आहे. ती उजेडासमोर धरली की कळेल. मी तिथं काय केलं ते तुला माहीत होतं की नाही, हे मला बारा वर्षं कळलेलं नाही. विचारण्याचं धाडस झालं नाही आणि आता विचारायला तू नाहीस. उघडण्याआधी सगळं एकदा क्रमानं लिहून काढावं म्हणून बसलो आहे. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो आहे, तेवढं सोस.

कंपनीचं ड्रॉइंग ऑफिस मशीन शॉपच्या डोक्यावर होतं. खाली पत्रा कापायचा प्रेस पडला की आमच्या टेबलावरची दौत हलायची. तू ट्रेसर. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ताणून ते शाईनं गिरवायचं, हे तुझं काम. मी चेकर. तू गिरवलेली रेघन् रेघ, माप न् माप तपासायचं, हे माझं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकोन असत : ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्ह्ड. मला चेकर केलं त्या दिवशी चीफनी एकच गोष्ट सांगितली होती. चेक्डमधली सही म्हणजे शाबासकी घेणं नव्हे. काढणाऱ्याची चूक तुम्हाला दिसली नाही, तर ती तुमची चूक. खाली पार्ट चुकीचा निघाला तर आधी चेकरला बोलावतात. हे मी तुला मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. तू म्हणालास, "म्हंजे आधी तुम्हाला फाशी, मग मला. बरं हाय, तेवढ्यात मी पळून जाईन."

तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होतास. तरी मी तुला अरे म्हणत होतो आणि तू मला अहो, वर तपासतो म्हणून मास्तर. हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. आज लिहिताना खटकतं आहे, पण आता बदलायला गेलो तर तूच हसशील.

ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेवर मोठ्या ड्रॉइंगांच्या प्रती काढल्या की कडेचा कागद कापून टाकत. हातभर लांब आणि वीतभर रुंद अशा त्या पट्ट्या टोपलीत जायच्या. तू त्या जमवायला लागलास. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तू माझ्यापुढे ट्रेसिंगची तशीच एक पट्टी उलगडलीस. जन्मपत्रिका उलगडावी तशी. चौकटींमागून चौकटी. सुट्टीचा भोंगा होतो, मशीनं बंद पडतात, माणसं डबे घेऊन बाहेर जातात आणि शॉपमध्ये भुतं कामाला येतात. तीन पाळ्यांत चोवीस तास संपतात, मग ही चौथी पाळी बसवायची कुठं? तर जेवणाच्या अर्ध्या तासात. भरदुपारी. तुझ्या गोष्टींत अंधार कधीच नसायचा. तू म्हणायचास, अंधारात कुणीबी भितंय, लख्ख उजेडात भ्या वाटलं पाहिजे.

गेटवर टाइमकीपर होती हडळ. तिची पावलं उलटी, म्हणून ती आत आली की धुळीत बाहेर गेल्याच्या खुणा उमटायच्या आणि रोज तिचीच गैरहजेरी लागायची. इन्स्पेक्शनला समंध. सोवळ्यात असायचा, पार्टला हात लावायचा नाही, लांबून डोळे बारीक करून मोजायचा आणि रिजेक्ट करायचा. मुंजा अप्रेंटिस. त्याची सोडमुंज राहिली होती म्हणून त्याला कायम करता येत नव्हतं, आणि तो दोनशे वर्षं अप्रेंटिसच होता.

मी शहाण्यासारखा बघत बसलो होतो. पुण्याच्या वाचनालयातून आठवड्याला दोन जाड पुस्तकं आणणारा माणूस मी, हे पोरखेळ वाटायला हवे होते. मुंज्यापाशी आलो आणि मला हसू आवरेना. फुगे मात्र सगळे रिकामे होते. तू पेन्सिल माझ्यापुढे सरकवलीस. "चित्र माझ्याकडनं व्हतंय, मास्तर. हे काय बोलत असतील ते तुम्ही बघा."

अशी आपली वाटणी झाली. तू काढायचं, मी बोलवायचं, माझे शब्द तू तुझ्या ट्रेसरच्या अक्षरांत शाईनं उतरवायचे. मग एक प्रत काढून वाचायची, आणि मग अमोनिया मशीनवर वीस-पंचवीस. प्रत ताजी असली की तिचा वास डोळ्यांत जायचा. कँटीनमध्ये माणसं ती पट्टी हातात धरून हसत असत आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असे. असे वाचक कुठल्या लेखकाला मिळाले असतील? कोपऱ्यात आपण तीन चौकोनही काढत होतो. ड्रॉनमध्ये तू लिहायचास 'मुंजा', चेक्डमध्ये मी 'समंध', आणि अप्रूव्ह्डमध्ये तू कवटी काढायचास.

तुझा स्वतःचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. मी एकदा विचारलं, तुम्ही लोक तर हे सगळं सोडून आलात, मग तू हे का काढतोस? 'तुम्ही लोक' असं मी म्हणालो होतो. तू निब पुसत होतास. म्हणालास, "दीक्षा घेतल्यावर भूत मानता येत न्हाई. काढता येत न्हाई असं कुठं लिवलंय? आन् मास्तर, तुम्ही मानता म्हणून तुम्हाला ती धड दिसत न्हाईत. भिणाऱ्याला कधी धड दिसत नसतंय."

आपलं एकच भांडण झालं, ते झाडावरून. तू एक पिंपळ काढलास. शेंड्याच्या फांदीवर समंध, त्याच्याखाली मुंजा, मग खवीस, झोटिंग, आपापल्या पायरीनं बसलेले. बुंध्याशी एक नवं भूत गाठोडं घेऊन उभं. ह्या वेळी शब्दही तुझेच होते. नवं भूत विचारतं, "आम्ही कुठं बसायचं?" वरून समंध म्हणतो, "तुम्ही धर्म बदललात ना? दुसरं झाड बघा."

मी लाल पेन्सिलीनं त्या चौकटीवर फुली मारली. म्हणालो, लोकांची मनं दुखावतील. तू विचारलंस, "कुणाची?" मी म्हणालो, लोकांची. तू पुन्हा विचारलंस, "व्हय, पण कुणाची?" भोंगा झाला आणि मी टेबलाकडे गेलो. नंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मी सुटलो. त्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच मिनिटाला माहीत होतं, दौलत. दुखावलेलं मन समोरच बसलं होतं, हातात लाल पेन्सिल घेऊन.

मग गेनबा. प्रेसवरचा गेनबा, ज्याची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. दोन महिन्यांनी तो कामावर आला तेव्हा कँटीनमध्ये कोणी त्याच्या हाताकडे बघत नव्हतं आणि सगळे त्याच्या हाताकडेच बघत होते. डाव्या हातानं भाकरी मोडत तो आपल्या बाकापाशी आला आणि तुला म्हणाला, "दौलत, समद्यांची भुतं काढलीस. माझ्या बोटांचं काढ की. मी ऱ्हायलो, ती मेली. त्यांचं कुणी दिस घातलं न्हाईत का काय न्हाई."

मी डबा झाकला. तू मात्र गंभीरपणे विचारलंस, "कुठली दोन?" त्यानं हात पुढे केला. तू तो हातात घेतलास आणि वर-खाली करून नीट पाहिलास, एखाद्या पार्टचं माप घ्यावं तसा. त्या अपघातानंतर त्या हाताला घरच्याशिवाय कोणी हात लावला नव्हता, हे गेनबानं मला पुढे सांगितलं.

'बोटं'मध्ये दोन बोटं सकाळी गेटवर येतात. कापलेल्या टोकाला बँडेज, ते तू मुंडाशासारखं बांधलं होतंस. प्रत्येकाच्या काखेत डबा. हडळ टाइमकीपर चष्म्यावरून बघते. इथवर चित्र होतं आणि दोन फुगे रिकामे होते. मी पहिल्यात लिहिलं, "दोघंच? अंगठा कुठाय?" आणि पेन्सिल न उचलता दुसऱ्यात लिहिलं, "अंगठा अजून ड्यूटीवर आहे."

तू वाचलंस. तुझं हसणं बिनआवाजी असायचं, नुसते खांदे हलायचे. ते बराच वेळ हलत राहिले. मग म्हणालास, "मास्तर, एवढी जाड पुस्तकं वाचली त्याचं सार्थक झालं." आयुष्यात मी लिहिलेलं एवढं एकच वाक्य कोणाच्या लक्षात राहिलं आहे. पहिली प्रत आपण गेनबाला दिली. तो हसला, तिसऱ्या बोटानं डोळे पुसले, आणि अमोनियाला शिव्या घातल्या.

तेव्हा तू म्हणालास, "ही गेनबाची हाय. ह्याच्यावर मुंजा-समंध नको. खऱ्या सह्या करायच्या." आणि ड्रॉनमध्ये तुझं नाव लिहिलंस, पूर्ण. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, तू खाली शॉपमध्ये गेला असताना, मी चेक्डमध्ये 'श. वि.' अशी माझी आद्याक्षरं घातली. आपण ठरवलं, जेवणाच्या सुट्टीत प्रती काढायच्या.

अकरा वाजता पर्सोनेलचे साहेब वर आले. असे ते कधी येत नसत. सुपरवायझरशी काहीतरी बोलले, त्यांच्या हातात आपला जुना अंक होता. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, तुम्ही वाचणारे गृहस्थ आहात, असलं काही नजरेस आलं तर कळवत चला. आणि हसले. एवढंच. त्यांनी मला धमकावलं नाही, माझ्यावर संशयही घेतला नाही. उलट मला आपल्यातला समजले. कंपनीच्या क्वार्टरची यादी त्या आठवड्यात लागायची होती आणि तीत माझं नाव असणार होतं.

तू निबा धुवायला नळावर गेला होतास. मी तुझा ड्रॉवर उघडला, ट्रेसिंग बाहेर काढली आणि ब्लेडनं माझी दोन अक्षरं खरडली. चार-पाच वेळा ब्लेड फिरवलं. शाईची बारीक पूड झाली, ती मी फुंकून टाकली. ड्रॉवर लावला. एवढ्या सफाईनं मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलं नसेल. तू परत आलास, निबा टिपकागदावर मांडल्यास आणि मला विचारलंस, "तब्येत बरी न्हाई का? घामाघूम झालात." मी म्हणालो, उकडतंय. थंडीचे दिवस होते.

दुपारी तू प्रती काढल्यास. तुझी पाठ माझ्याकडे होती. ट्रेसिंग मशीनमध्ये घालण्याआधी तू ती एकदा खिडकीच्या उजेडात धरलीस, नेहमी धरायचास तशी, कुठं धूळ आहे का बघायला. त्या वेळी तुझा चेहरा मला दिसला नाही.

कोणीतरी एक प्रत कँटीनबाहेरच्या नोटीस बोर्डावर डकवली, सुरक्षिततेच्या सूचनेच्या बरोबर शेजारी. दोन दिवसांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. मलाही. तुझ्याबरोबरचा म्हणून नव्हे, ड्रॉइंग ऑफिसचा चेकर म्हणून, अक्षर ओळखायला. साहेबांच्या टेबलावर सगळे अंक ओळीनं मांडले होते. त्यांनी मला विचारलं, हे अक्षर कोणाचं? मी म्हणालो, दौलतचं.

अक्षर तुझंच होतं. शब्द माझे होते. मला शब्द कोणाचे असं कोणी विचारलं नव्हतं. बारा वर्षं मी या वाक्याच्या आडोशाला उभा आहे.

साहेब तुझ्याकडे वळले. आधीच्या अंकांवर चेक्डमध्ये समंध असं लिहिलंय, हा समंध कोण? आणि या वेळी तो चौकोन रिकामा का?

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालास, "समंध मुक्त झाला, साहेब."

त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं. तुला अजून कायम केलेलं नव्हतं, त्यामुळे एका पत्रानं काम झालं. कारणं दोन लिहिली : कंपनीच्या कागदाचा गैरवापर आणि जखमी कामगाराची टिंगल. गेनबा दोन तास केबिनबाहेर उभा होता, ती टिंगल त्यानं स्वतः मागून घेतली होती हे सांगायला. त्याला आत सोडलं नाही. मग तो माझ्याकडे आला. "मास्तर, तुम्ही सांगा की. तुमचं ऐकतील." मी म्हणालो, बघतो. तो बिचारा त्या 'बघतो'वर विश्वास ठेवून खाली गेला. माझ्या एकट्याच्या पगारावर घर चाललंय, असं मी स्वतःला समजावलं. तुझं कोणाच्या पगारावर चाललं होतं, हे मनात यायला दोन-तीन आठवडे लागले.

क्वार्टर मिळालं. हे त्याच क्वार्टरमधलं टेबल.

तू भोसरीत पाट्या रंगवायला लागलास. वर्कशॉपच्या पाट्या, ट्रकचे नंबर, ट्रकच्या मागच्या फळीवरच्या ओळी. चाकणच्या रस्त्यावर एखादा ट्रक पुढे गेला आणि मागे 'यम बघतोय, साइड द्या' असं दिसलं की मला तू भेटल्यासारखं व्हायचं आणि मी खिडकीतून दुसरीकडे बघायचो. तुझ्याकडे यायला मी सात महिने घेतले. येताना चार पुस्तकं आणली, जसं काही पुस्तकंच द्यायची राहिली होती. तू स्टूल पुसून दिलंस, चहा मागवलास, ऑफिसातल्या सगळ्यांची चौकशी केलीस. मी उठणार तेवढ्यात एका पाटीवर काळी कड ओढता ओढता म्हणालास, "मास्तर, त्या दिवशी तुमची सही ऱ्हायलीच की."

दौलत, तू मला दार उघडून दिलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं. मी म्हणालो, "हो रे, घाईत विसरलोच बघ."

"व्हय," तू म्हणालास, "तुम्ही विसरभोळेच." आणि कड पूर्ण केलीस. तिचा कोपरा अगदी काटकोनात आला होता.

त्यानंतर मी वर्षातून दोनदा येत राहिलो. तू नवीन गोष्टी काढतोस असं वहिनी सांगत. तू दाखवत नसायचास. मी मागायचो नाही. आपण पावसाबद्दल, मुलांबद्दल, रंगांच्या भावांबद्दल बोलायचो. हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटायला आलो तेव्हा तू नाकातली नळी दाखवून म्हणालास, "चेक करून घ्या, डायमीटर बरोबर हाय का." मी हसलो. तेव्हाही बोलायला हवं होतं. शेजारच्या खाटेवर माणसं होती, असं कारण मी घरी येईपर्यंत तयार केलं.

आणि आता चार दिवसांपूर्वीचं. विधी झाला, माणसं सतरंजीवर बसून होती. गेनबा आला होता. तो आता कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. त्यानं आपल्याबरोबर चौकटीत लावलेला एक कागद आणला होता. 'बोटं'ची पहिली प्रत. बारा वर्षं त्याच्या घरात उन्हासमोर टांगलेली. अमोनियाची रेघ ऊन सोसत नाही. कागद कोरा झाला आहे, दौलत, पिवळट, कोरा. गेनबा तो कोरा कागद सगळ्यांना दाखवत होता आणि उरलेल्या बोटांनी एकेक चौकट सांगत होता. इथं गेट. इथं हडळ. इथं माझी बोटं. मग त्यानं ते वाक्य म्हटलं आणि अंगठा वर केला. माणसं हसली, इंदूवहिनीसुद्धा पदर लावून हसल्या. गेनबा म्हणाला, "काय डोकं होतं राव आपल्या दौलतचं. व्हय ना, मास्तर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो. दौलतच तो."

परत येताना बसमध्ये मी स्वतःला बजावलं की ह्या वेळचं गप्प बसणं निराळं होतं. ती ओळ जेव्हा गुन्हा होती तेव्हा मी ती तुझ्या नावावर जाऊ दिली. आता ती कौतुकाची झाल्यावर, तुझ्या विधीला बसून, ती माझी आहे म्हणून मागायची? कुठल्या तोंडानं? हे खरंच आहे. पण माझ्या प्रत्येक गप्प बसण्याला असंच एखादं खरं कारण मिळत आलेलं आहे, हेही खरं आहे.

एवढं लिहून थांबलो होतो. नंतर उठलो आणि झाकण उघडलं. दुपारचे तीन वाजले आहेत, खिडकीतून चांगला उजेड येतो आहे.

वर तुझ्या नव्या गोष्टी आहेत. सात. कंपनी सोडल्यावर काढलेल्या, कोणी न पाहिलेल्या. वहिनींना मी विधीच्या दिवशी विचारलं होतं, त्यानं या कुठं छापल्या का नाहीत? त्या म्हणाल्या होत्या, "ते म्हणायचे, मास्तरांनी बघितल्याबिगर बाहेर काढायचं न्हाई." मला ते बोलणं तेव्हा नीट कळलं नव्हतं. सातही गोष्टींच्या कोपऱ्यात तीन चौकोन आहेत. ड्रॉनमध्ये तुझं नाव, पूर्ण. चेक्ड रिकामं. सातही ठिकाणी. आणि फुगेही पुष्कळसे रिकामे आहेत.

त्यांच्याखाली तो पिंपळ निघाला. माझी लाल फुली तू पुसली नाहीस. तिच्या दोन रेघांवर शाई चढवून तू त्यांच्या दोन फांद्या केल्यास, पानं काढलीस, आणि ते नवं भूत तिथं गाठोडं शेजारी ठेवून पाय सोडून बसलं आहे. समंध शेंड्यावरून वाकून खाली बघतो आहे, आणि त्याला माझा चष्मा आहे. मी बराच वेळ हसलो. नुसते खांदे हलले, तुझ्यासारखे. डोळ्यांत पाणी यायला या वेळी अमोनिया नव्हता.

सगळ्यात खाली 'बोटं'. ती उजेडासमोर धरायची गरज पडली नाही, कोपरा हातानंच कळला. खरडलेला ट्रेसिंग पेपर बोटाला खरखरीत लागतो. त्याचे तंतू उभे राहतात आणि त्यावर पुन्हा शाई लावली की ती फुटते, कोळ्याच्या पायांसारखी पसरते. हे तूच मला शिकवलं होतंस. खरडलं असेल तर आधी नखानं घोटायचं, काचेसारखं होईपर्यंत. मग ती जागा पुन्हा शाई धरते.

ती जागा काचेसारखी आहे, दौलत.

कितीतरी वेळ घोटलेली. एका बैठकीत अशी चमक येत नाही. कडेला अर्धगोल खुणा आहेत, तुझ्या अंगठ्याच्या नखाच्या. म्हणजे तुला माहीत होतं. पाटीची कड ओढताना माहीत होतं, केबिनमध्ये माहीत होतं, खिडकीशी प्रत काढायच्या आधी माहीत होतं. आणि तू प्रती काढल्यास. मी विसरभोळा आहे असं म्हणालास, आणि घरी येऊन ही जागा घोटत बसलास.

मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू तर माझ्यासाठी कागद तयार करून ठेवलास आणि वाट पाहिलीस. एवढी लाज मला ब्लेड हातात असतानाही वाटली नव्हती.

ही ओळ माझी, असं मी कुठंही लिहिणार नाही. ती आता तुझ्याकडेच राहू दे, गेनबाच्या अंगठ्यावर राहू दे. पण चेक्ड म्हणजे शाबासकी नव्हे, हे मीच तुला ऐटीत सांगितलं होतं. इथं काही चुकलं असेल तर आधी मला बोलवा, एवढाच तिचा अर्थ. तेवढ्यावर मात्र माझा हक्क आहे.

उद्या जेवणाच्या सुट्टीत ही ट्रेसिंग मी ड्रॉइंग ऑफिसच्या मशीनवर नेणार आहे. पहिली प्रत गेनबाची. तो कोपरा बघेल. त्याला आता बारीक दिसत नाही, म्हणून डोळ्यांजवळ नेऊन बघेल आणि विचारेल, मास्तर, मग तवा का न्हाई बोललात? त्याला द्यायला माझ्याकडे एकही खरं कारण शिल्लक नाही. मी उभा राहीन.

आत्ता दौत उघडली. तुझ्याच नळकांड्यातली एक निब घेतली, फुंकर मारली, शाईत बुडवली. निबेची सवय राहिली नाही म्हणून 'वि.'ची वेलांटी जरा वाकडी आली आहे. तू असतास तर पुन्हा गिरवायला लावली असतीस.

वाळेपर्यंत बघत बसलो. शाई फुटली नाही.